रामबागेतली बर्तन बँक: ताटं चोख, चमचे हुशार, पेल्यांची बोंब

इंदुरात ‘भांडी बँक’ असं कुणी म्हणत नाही. घरात शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या काकूसुद्धा फोनवर ‘बर्तन बँकेचा नंबर आहे का हो?’ असंच विचारतात. तेव्हा इथेही बर्तन बँकच म्हणू.

रामबाग-नारायणबाग पट्ट्यात कॉलेजच्या मुलामुलींचा एक गट ही बँक चालवतो. मुंज, डोहाळजेवण, मंगळागौर, साठी-शांत, सोसायटीच्या गणपतीचा महाप्रसाद, असं काही असलं की स्टीलची भांडी न्यायची, वापरायची, परत द्यायची. शहराला ही कल्पना नवी नाही. पण हा गट धुण्यावर आणि मोजण्यावर जितकं डोकं चालवतो तितकं ताटांवर चालवत नाही, आणि ते बरोबरच आहे. ताटं काय, बर्तन बाजारात जाऊन कुणीही किलोवर तोलून आणेल. दुसऱ्या दिवशी ती स्वच्छ, कोरडी आणि तेवढीच परत येणं, हे खरं काम.

आधी व्यवहार सांगतो. एकूण 300 सेट आहेत. एका सेटमध्ये 12 इंची ताट, दोन वाट्या, एक पेला, एक चमचा. शिवाय पोहे-जलेबीच्या नाश्त्यासाठी 100 छोट्या प्लेटा वेगळ्या. भाडं नाही. 100 सेटना 2000 रुपये अनामत, हरवल्या-चेपलेल्या नगाचे पैसे त्यातून कापतात. तुम्ही धुऊन दिलंत तर फुकट, त्यांच्याकडून धुऊन हवं असेल तर सेटमागे 4 रुपये. आणि एक अट, जिच्यावर ते अजिबात हटत नाहीत: कार्यक्रमात एकही डिस्पोजेबल वस्तू नको. ताटं बँकेची आणि पाण्याला कागदी ग्लास, असं दिसलं तर पुढच्या वेळी नोंदणी होत नाही.

ही अट काही यजमानांना जाचक वाटते. इंदूरची कचरागाडी डोळ्यांसमोर आणली की तिचं कारण कळतं. 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे देशभर बंद झाले आणि त्यांची जागा कागदी ग्लासांनी आणि चकचकीत कागदी ताटांनी घेतली. त्या कागदाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर वरण पाच मिनिटांत खाली झिरपलं असतं. आता आपल्या गाडीला खण सहा: ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा. वरणभाताने माखलेलं, आतून प्लॅस्टिक असलेलं कागदी ताट यातल्या कुठल्या खणात टाकणार? ओल्यात टाकलं तर तो थर ओल्या कचऱ्याबरोबर देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाकडे निघतो. 19 फेब्रुवारी 2022 ला सुरू झालेला, तेव्हा रोज 550 टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा हा प्रकल्प. तिथले जीवाणू भात पचवतात, प्लॅस्टिक नाही. सुक्यात टाकलं तर खरकट्याने बाकीचा कागदही वाया जातो. पळसाच्या पत्रावळीचं तसं नाही, काडीने टाचलेली असेल तर ती सरळ ओल्यात जाते. मात्र हल्ली यंत्रावर दाबलेल्या बऱ्याच पत्रावळींना वरून चकचकीत पापुद्रा असतो. नखाने कोपरा उकरून पाहा, सोलून निघाला तर ती पत्रावळ नुसती नावाची.

कुल्हडाबद्दलही गैरसमज आहे. माती म्हणजे मातीत मिळणार, असं वाटतं. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही, तिच्या खापऱ्या होतात. खतात पडली तर वर्षानंतरही चाळणीत तशीच वर राहते. म्हणून ओल्या कचऱ्यात कुल्हड टाकू नका, हे गटातली मुलं यजमानांना बजावून सांगतात.

किती सेट मागवायचे, इथे बहुतेकांचं गणित चुकतं. बुफे असेल तर 100 पाहुण्यांना 100 ताटं पुरत नाहीत. लोक ताट कुठेतरी टेकवतात, विसरतात, गोडासाठी नवं घेतात. 120 ताटं, 150 पेले आणि 130 चमचे धरा. पेले सगळ्यात जास्त, कारण एक माणूस पाणी पितो, पेला ठेवतो, आणि अर्ध्या तासाने मठ्ठ्यासाठी दुसरा उचलतो. पंगत असेल तर उलट. 50-50 च्या दोन पंगतींना 60 ताटं भागतात, फक्त मधल्या अर्ध्या तासात धुणारे चार हात हवेत. हा फरक गट नोंदणीच्या वेळीच विचारतो, ‘पंगत की बुफे?’ टेंट हाउसवाले हे विचारत नाहीत, कारण त्यांना नगामागे भाडं मिळतं.

टेंट हाउसशी तुलना निघालीच आहे तर, तिथे बहुधा मेलामाइनच्या प्लेटा मिळतात. दिसायला देखण्या, वजनाला हलक्या. पण घासणीने त्यांची चमक गेली की बारीक ओरखड्यांत तेल-हळद बसते आणि निघत नाही, फुटली की तिचं पुढे काही होत नाही. स्टीलचं ताट चेपलं तर ठोकून सरळ करता येतं, अगदीच गेलं तर मोडीत विकता येतं.

बँकेची विकत घेतलेली ताटं 304 प्रतीची आहेत, म्हणजे सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. देणगीत आलेली मात्र कुठलीही. चुंबक लावून ‘चिकटलं नाही, म्हणजे अस्सल’ म्हणणारे पुष्कळ असतात, पण बरंचसं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त 202 सुद्धा चुंबकाला दाद देत नाही. फरक दिसतो तो वापरात. लिंबाच्या लोणच्याची फोड रात्रभर ताटात राहिली की हलक्या प्रतीच्या ताटावर बारीक टोचे पडतात. मीठ आणि आंबट दोन्ही एका जागी, वर ओल. क्रोमियमचा संरक्षक थर तिथे फुटतो. मग ते ताट कितीही घासा, डाग तसाच. म्हणूनच नियम आहे की धुणं सकाळवर टाकायचं असेल, तरी खरकटं काढून एकदा पाण्यातून काढूनच ताटं रचायची. हा नियम यजमान सर्रास मोडतात, आणि अनामतीवरून कुरबुरी होतात त्या यावरून. गटाने डाग पडलेल्या ताटाचा एक फोटो नोंदणीच्या कागदावर छापला तर निम्मे वाद मिटतील.

चमच्यांची युक्ती खास आहे. कुठल्याही सामूहिक जेवणात सगळ्यात जास्त काय हरवत असेल तर चमचे, आणि ते कुणी चोरत नाही. खरकट्याबरोबर ते बादलीत जातात. गटाने मुद्दाम चुंबकाला चिकटणाऱ्या 430 प्रतीचे चमचे घेतले आहेत, ज्यात निकेल जवळजवळ नसतं. खरकट्याच्या पिंपाच्या तोंडावर दोन पट्टीचुंबक लावलेलं झाकण असतं, मधे ताट झटकण्यापुरतं भोक. चमचा घसरला की कडेला चिकटतो. 304 चे चमचे घेतले असते तर चुंबकाचा काही उपयोग नव्हता. याची किंमतही आहे. 430 ला गंज लवकर धरतो, त्यामुळे चमचे ओले ठेवले की दुसऱ्या दिवशी तपकिरी ठिपके दिसतात. कोरड्या फडक्याने पुसणं इथे सक्तीचं. चुंबकही दर पंधरा-वीस मिनिटांनी पुसावा लागतो, वर भाताचा थर चढला की पकड जाते.

आता धुणं. गटाची पद्धत तीन टबांची आहे, प्रत्येकात 30 लिटर पाणी. त्याआधी कोरडं काम: रबरी पट्टीने ताट पुसून खरकटं पिंपात. ही पायरी गाळली की पुढचं सगळं फसतं, कारण पहिल्या टबात भात गेला की दहा मिनिटांत त्याची पेज होते. पहिला टब साबणाचा, दुसरा विसळण्याचा, तिसरा शेवटच्या स्वच्छ पाण्याचा. साधारण 50 ताटांनंतर पहिल्याचं पाणी फेकायचं, दुसऱ्याचं पहिल्यात ओतून त्यात साबण घालायचा, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि ताजं पाणी फक्त तिसऱ्यात. म्हणजे 100 ताटांना 90 अधिक 30, एकूण 120 लिटर. हेच वाहत्या नळाखाली केलं तर? मिनिटाला 8 लिटरचा नळ आणि ताटामागे 20 सेकंद धरले तरी 265 लिटरच्या वर जातं. वाट्या-पेले दोन्हीकडे वेगळेच. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणलेलं आणि तेही एक दिवसाआड येणारं, हे ज्या घरात ठाऊक आहे तिथे हा हिशोब दोनदा सांगावा लागत नाही.

बोरिंगचं पाणी वापरणार असाल तर ते बहुधा जड असतं. ताटं वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. ती घाण नव्हे, क्षार आहेत. शेवटच्या टबात दोन चमचे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व, टाकलं की ठिपके येत नाहीत. तारेची घासणी मात्र चालत नाही. काथ्या किंवा हिरवी जाळीची घासणी ठीक.

मेनू बघूनही पद्धत बदलते, आणि यात गटाची समज दिसते. वरणभात, मसालेभात, अळूची भाजी असेल तर साधं पाणी चालतं. श्रीखंडाच्या वाट्या आधी दहा मिनिटं पाण्यात बुडवायच्या, चक्का वाळला की टरफलासारखा धरतो. जलेबीच्या पाकालाही पाणीच लागतं, साबण नाही. खरी परीक्षा दाल-बाफल्याची (बाफला म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा). बाफला तुपात कुस्करल्यावाचून खाल्ल्यासारखा होत नाही आणि पौष-माघात इंदूरची रात्र अशी गार असते की ताटावरचं तूप पाहता पाहता थिजतं. थंड पाण्याच्या टबात तूप सुटत नाही, ते एका ताटावरून दुसऱ्या ताटावर फक्त फिरतं. उपाय सोपा आहे: 10 लिटर उकळतं पाणी 20 लिटर साध्या पाण्यात मिसळा, 45 अंशांच्या आसपास येतं, हाताला जेमतेम सोसवेल इतकं. दर 25 ताटांनी बदला. हिवाळ्यात बाफल्याचा बेत असेल तर गटाचा धुलाईचा दर 4 वरून 6 रुपये होतो. गॅसचा खर्च बघता तो रास्त आहे.

निर्जंतुक करण्याबद्दल विचारणारे बरेच असतात, विशेषतः पावसाळ्यात. उत्तम उपाय गरम पाण्याचा: 77 अंशांच्या वर निदान अर्धा मिनिट. ते जमत नसेल तर शेवटच्या टबात ब्लिचिंग पावडर, 30 लिटरला 6 ग्रॅम. पावडरमध्ये 25 टक्के क्लोरीन असेल तर पाण्यात लिटरला 50 मिलिग्रॅम येतं, तेवढं पुरतं. पावडर थेट टबात टाकायची नाही. मगभर पाण्यात ढवळून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ ओतायचं, नाहीतर ताटावर पांढरी पूड. ताट एक मिनिट बुडवून लगेच काढायचं, क्लोरीनही स्टीलला टोचे पाडतं. गटातली मुलं ‘अंदाजे एक मूठ’ अशी पावडर टाकत नाहीत, छोटा वजनकाटा ठेवतात. बारीक गोष्ट, पण कितीतरी मोठ्या स्वयंपाकघरांत ती दिसत नाही.

धुतलेलं पाणी कुठे जातं हेही पाहिलं जातं. 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं ते सांडपाणी थेट नदी-नाल्यात न सोडण्यावर. तुपाचं साबणपाणी रस्त्याकडेच्या नालीत ओतलं तर ते शेवटी कान्ह नदीकडेच जातं आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. म्हणून जाळी लावून ड्रेनेज लाइनमध्येच. झाडांना घालू नका, त्यात मीठ असतं. विसळण्याच्या शेवटच्या टबातलं पाणी, त्यात ब्लिचिंग पावडर नसेल तर, अंगण धुवायला चालतं.

वाळवणं ही या सेवेची कमकुवत बाजू. ताटं उभी ठेवायला बांबूच्या पट्ट्यांचा रॅक आहे, पण त्यात एका वेळी 80 ताटंच मावतात. उन्हाळ्यात वीस मिनिटांत काम होतं. भाद्रपदात, म्हणजे ऐन महाप्रसादाच्या दिवसांत, हवा दमट, ऊन नाही, आणि ओली ताटं एकावर एक रचली जातात. दोन दिवसांनी गठ्ठा सोडला की कुबट वास. गटाने आणखी दोन रॅक आणि एक पंखा घेतला पाहिजे, नव्या ताटांच्या आधी.

पेल्यांचं तर विचारू नका. एकात एक घातलेले ओले पेले असे अडकतात की ओढून निघत नाहीत, आणि मुंजीच्या घाईत कुणीतरी ते फरशीवर आपटतं. काठ चेपतो तो कायमचा. अडकलेली जोडी सोडवायची तर आतल्या पेल्यात गार पाणी घाला आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. बाहेरचा किंचित फुगतो, आतला आकसतो, सहज निघतो. पण खरा इलाज पेले एकात एक न घालणं. ‘काकू, पेले उपडे ठेवा’ हे वाक्य परतीच्या वेळी दहादा ऐकू येतं. कंगोरा असलेले, एकावर एक रचता येणारे पेले घेतले असते तर ही वेळच आली नसती. शिवाय पेले स्टीलचे असल्यामुळे चहाला बिनकामाचे, बोटं भाजतात. कप-बशा बँकेकडे नाहीत. आइसक्रीमच्या छोट्या वाट्याही नाहीत, आणि मग यजमान आइसक्रीम दुकानातल्या कागदी कपातच आणतो. अटही मोडते आणि कुणाला बोलताही येत नाही.

मोजणी मात्र बघण्यासारखी. 25 ताटांचा गठ्ठा, सुती पट्टीने बांधलेला. ताटं एकसारखी असली की गठ्ठ्याची उंची ठरलेली. परका नग शिरला की गठ्ठा वाकडा दिसतो, मोजावं लागत नाही. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची चाल जुनीच, आजीच्या पातेल्यावर आजोबांचं नाव आणि सालही असतं. गटानेही प्रत्येक ताटावर खूण आणि क्रमांक कोरून घेतलाय, तोही काठावर. तळाला कोरला असता तर प्रत्येक ताट उलटून बघावं लागलं असतं. तरीही घरची ताटं मिसळतातच, कारण यजमानाकडेही स्टीलचीच असतात. न्यायला येताना वाहन नीट आणा. 100 सेटचं वजन 50 किलोच्या पुढे जातं. ई-रिक्षा किंवा हातगाडी ठीक, स्कूटरच्या दोन फेऱ्यांत काठ चेपतात.

गटाची वही हा या सेवेचा दुर्लक्षित भाग. प्रत्येक कार्यक्रमानंतर खरकट्याचं पिंप लटकत्या काट्यावर तोलतात, पिंपाचं वजन वजा करतात आणि जेवणाऱ्यांच्या संख्येने भागतात. माणशी ग्रॅममध्ये उष्टं किती, ते निघतं. मठ्ठा आणि वरणाचं पाणी आधी निथळून घेतात, नाहीतर आकडा फुगतो. मागितलं तर पुढच्या यजमानाला त्याच मेनूची पानं दाखवतात, म्हणजे भात किती शिजवावा याचा अंदाज येतो. मुलं आली होती पर्यावरणाचा प्रकल्प करायला, आणि त्यांनी आचाऱ्याला उपयोगी पडेल अशी वही तयार केली. माझ्या मते सगळ्या बँकेत सर्वांत मोलाची वस्तू तीच. रात्रीच्या जेवणाचं पिंप मात्र सकाळच्या गाडीपर्यंत झाकूनच ठेवा, माश्या आणि कुत्री दोन्ही वाट बघत असतात.

नोंदणीबद्दल शेवटचं. यातली बरीच मुलं रासेयोची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, दोन वर्षांत 240 तासांची सेवा भरायची असलेली. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीला माणसं भरपूर आणि परीक्षेच्या तोंडावर दोघं-तिघंच. नेमके तेव्हाच वैशाखातल्या मुंजी आणि लग्नं. त्या दिवसांत धुलाई त्यांच्यावर सोडू नका, घरची धुणारी माणसं ठरवा आणि फक्त भांडी घ्या. गणपतीच्या दहा दिवसांसाठी निदान महिनाभर आधी सांगा. आणि उचलताना गठ्ठ्यांचं राहू द्या, चमचे स्वतः मोजा, कारण ते गठ्ठ्यात नसतात, कापडी पिशवीत असतात, आणि पिशवीवर लिहिलेला आकडा मागच्या कार्यक्रमाचा असू शकतो.